आधी उजवा, मग डावा

आइंडहोवन
२४ जानेवारी २०२१

प्रिय आप्पा,
सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्राचा फोटो मिळाला. या वेळी कोपऱ्यात अंगठा आला नाही, म्हणजे तुमच्या जावयानं, सुमितनं, पाठवलेला टॅब तुम्ही चांगलाच ताब्यात घेतलाय. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण हे पत्रांचं सुरू केलं, पण खरं सांगू, आता मलाच त्याची सवय लागली आहे. दिवसभर इंग्लिश आणि मोडकंतोडकं डच बोलून तोंड दमतं. तुम्हाला लिहायला बसले की बरं वाटतं.

कालपासून इथे रात्री नऊनंतर संचारबंदी लागली. शाळा तर डिसेंबरपासूनच बंद आहेत. उत्पला सकाळी लॅपटॉपसमोर बसते, दुपारी उठते आणि कुणाशी धड बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये "ने", म्हणजे नाही, म्हणते, संपला संवाद. अकराव्या वर्षी पोरगी अशी मुकी होईल असं वाटलं नव्हतं. ती जिवंत वाटते ती फक्त नाचताना.

तुम्ही विचारलंत, हा आयरिश नाच असतो तरी कसा. सोपं सांगते. हात शरीराला चिकटवून ताठ उभं राहायचं आणि सगळं काम पायांनी करायचं. बुटांना खाली टणक टाचा आणि टोकं असतात, ती जमिनीवर वाजवायची. आई मागे म्हणाली होती ना, पोरीचे हात कुणी बांधलेत म्हणून, तेच ते. स्पर्धा जोरात चालतात, बायका पोरींना कुरळ्या केसांचे टोप घालून उभ्या करतात. या नाचाचा एक पक्का नियम आहे. प्रत्येक स्टेप आधी उजव्या पायानं करायची आणि मग जशीच्या तशी डाव्या पायानं. उजवीकडे जे केलं ते डावीकडे तसंच दिसलं पाहिजे. परीक्षक तेच बघत असतात.

आणि आमचं दुखणं डावीकडेच आहे. नोव्हेंबरमध्ये सायकलवरून पडून उत्पलाचा डावा घोटा मुरगळला होता. हाउसआर्ट्सनं, म्हणजे आमच्या इथल्या डॉक्टरनं, बरा झाला म्हणून सांगितलं. पण उडी मारून डाव्या पायावर उतरताना ती अजून कचरते. तिची टीचर ओर्ला स्क्रीनवरून रोज ओरडते, तुझा डावा पाय घाबरतोय.

पुढच्या महिन्यात युरोपची स्पर्धा आहे, तीही ऑनलाइन. आपण व्हिडिओ पाठवायचा. एकदाच सलग शूट केलेला, कुठेही कापाकापी चालणार नाही. पहिल्या तिघींना शरद ऋतूत डब्लिनला नेणार आहेत. झूटरमेर गावची फेन्ना म्हणून उत्पलाची एक मैत्रीण आहे, दोघी व्हिडिओ कॉल लावून एकत्र सराव करतात. दोघींनी मिळूनच डब्लिनला जायचं ठरवून टाकलंय. सुमितनं हॉलमध्ये प्लायवूड टाकलंय, मागे पांढरी चादर लावलीय, दोन्ही बाजूंना दिवे उभे केलेत. त्याच्या स्वभावाप्रमाणे प्लायवूडची लेव्हलसुद्धा मोजली. शेजारच्या आजीबाई भिंतीवर टकटक करतात, तेवढं सोडलं तर सगळं तयार आहे.

आईच्या गुडघ्यांचं काय ते लिहा.

तुमची
तेजल


भुसावळ
७ फेब्रुवारी २०२१

चि. तेजल,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, गुडघे आहेत तिथेच आहेत. ती आता तुझं पत्र माझ्या आधी वाचते आणि मला खुणेनं सांगते, त्यामुळे मला पत्र दोनदा मिळतं.

तो डाव्या-उजव्याचा नियम मला फार पटला. चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात मी दुसरं काय केलं? एक नमुना डाव्या हातात, एक नग उजव्या हातात, आणि फरक शोधायचा. कान त्या कारखान्यानं घेतले, पण डोळा मला बनवून दिला. परीक्षक म्हणून मला नेलं असतं तर निकाल बरोबर लावला असता, टोप न घालता.

एक शंका आहे. नाच समोर बघितल्याशिवाय नंबर कसा देतात? नग हातात न घेता कागद बघून पास करण्यासारखं झालं ते. पण रोगराईचे दिवस आहेत, चालायचंच.

उत्पलाला सांग, पाय घाबरला तर घाबरू दे. घाबरलेला पायसुद्धा शेवटी खाली येतोच. आणि व्हिडिओ मला पाठव. टाचांचा आवाज मला येणार नाही, पण मोजीन मी डोळ्यांनी. सुमितरावांना जय भीम.

तुझा
आप्पा


आइंडहोवन
३ मार्च २०२१

प्रिय आप्पा,
जय भीम.

बसून वाचा. उत्पला दुसरी आली. अख्ख्या युरोपात दुसरी, बारा वर्षांखालच्या गटात.

मला अजून खरं वाटत नाही. रविवारी निकाल यूट्यूबवर लाइव्ह सांगत होते. खालून वर नावं घेत आले. चौथी म्हणून फेन्नाचं नाव आलं आणि फेन्ना तर आमच्यापेक्षा कायम पुढे असते. म्हटलं, संपलं आपलं. मग तिसरी कुणी जर्मनीची, आणि मग "उत्पला वासनिक, नेदरलँड्स". सुमित उठून उभा राहिला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. मला वाटलं रडायला गेला. ओर्लाचा फोन आला, ती तर खरंच रडत होती.

शूटिंगच्या दिवशी मी घरात नव्हते. मी समोर असले की उत्पला चुकते म्हणून बापलेकीनं मला हाकलूनच दिलं. तेरा तारीख होती. इथे आठवडाभर बर्फ पडला होता, तळी गोठली होती, सगळं गाव स्केटिंगला बाहेर पडलेलं. मी तीन तास तळ्याकाठी उभी राहून पाय गारठवून घेतले. घरी आले तर उत्पला सोफ्यावर झोपलेली, मोजे रक्तानं भरलेले, आणि सुमित लॅपटॉपवर. म्हणाला, झालं, पाठवला, मस्त आलाय. सहा वाजताची मुदत होती, पाच मिनिटं आधी गेला.

उत्पला मात्र विचित्र वागते आहे. आनंदानं नाचेल असं वाटलं होतं, पण "ओके" म्हणाली आणि वर गेली. फेन्नासाठी वाईट वाटत असेल. अजून तिच्याशी बोललेलीही नाही.

सोबत व्हिडिओ पाठवतेय. सगळ्यांना दाखवा. मला मिरवायचंय, तर तुम्ही माझ्या वतीनं मिरवा.

तुमची
तेजल


भुसावळ
१९ मार्च २०२१

चि. तेजल,
जय भीम.

मिरवलं, पोटभर मिरवलं. जनता कर्फ्यूमुळे घराबाहेर पडता येत नव्हतं, पण विहाराच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दामोदर गायकवाड साप्ताहिक काढतो, त्यानं फोटोसकट बातमी छापली, 'भुसावळच्या नातीचा युरोपात डंका'. नात भुसावळची कधी झाली हे तो जाणे, ती आजवर इथे तीनदा आली आणि दोनदा तिला जुलाब झाले. बुद्धपौर्णिमेला ऑनलाइन सत्कार ठरलाय. सत्कार माझा आहे. मी काय केलं ते विचारू नकोस.

व्हिडिओ मी किती वेळा बघितला त्याचा हिशेब नाही. आवाज नसल्यामुळे मला सगळं पायांतच दिसतं. तुझ्या पोरीचा डावा पाय अजिबात घाबरत नाही. उजव्यासारखा तंतोतंत. एवढा सारखा नग मी आयुष्यात पाहिला नाही.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या आईनं आधी बघितलं, मग मी टॅबवर बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं. उत्पलाच्या उजव्या डोळ्याखाली तीळ आहे, तुझ्या आईसारखा. नाचाच्या पहिल्या अर्ध्या भागात तो उजवीकडेच आहे. मध्ये ती एकदा पाठ फिरवते आणि परत वळते, त्यानंतर तीळ डाव्या डोळ्याखाली जातो. तुझी आई म्हणते, दुसरा भाग आरशात दाखवायची त्या लोकांची पद्धत असेल, म्हणजे परीक्षकांना दोन्ही पाय ताडून बघता येतात. मलाही ते पटलं. तपासणीला चांगली युक्ती आहे. सुमितरावांनी जोड इतका सफाईनं दिलाय की कळतसुद्धा नाही. त्यांना माझी शाबासकी कळव.

तुझा
आप्पा


आइंडहोवन
२१ मार्च २०२१

प्रिय आप्पा,

तिळाचं काही नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमुळे कधी कधी चित्र उलटं होतं. तांत्रिक भानगड आहे.

व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकता आला तर काढा. आणि आता कुणाला पाठवू नका. नंतर सविस्तर लिहिते.

तेजल


भुसावळ
२८ मार्च २०२१

तेजल,

तुझं चार ओळींचं पत्र मी चार दिवस समोर ठेवून बसलो होतो. तुला लहानपणी खोटं बोलता यायचं नाही, तू नाक खाजवायचीस. लिहिताना नाक दिसत नाही, पण मला दिसलं.

कॅमेऱ्यानं चित्र उलटं केलं तर ते पहिल्यापासून उलटं होईल, अर्ध्यावर होणार नाही. आणि पद्धत असती तर तू व्हिडिओ काढून टाका म्हणाली नसतीस. तूच लिहिलं होतंस, कापाकापी चालत नाही. मी मूर्खासारखा शाबासकी देत बसलो. उत्पलानं डावा पाय नाचवलाच नाही. उजवाच पुन्हा उलटा करून दाखवला. हे समजलं तेव्हा मी खाली बसलो आणि तुझी आई पाणी घेऊन आली. मी तिला दोन दिवस काही सांगितलं नाही. ती दोन दिवस मला बीपीची गोळी घ्या म्हणत होती.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी तपासनीस झालो ते परीक्षेत पहिला येऊन. त्यानंतर दोन वर्षं मी पास केलेला प्रत्येक माल वरचे साहेब दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घेत. माझ्या देखत. का, ते कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. आमच्यासारख्यांना सगळं फुकट मिळतं हे त्यांना आधीच माहीत होतं. त्या दोन वर्षांत एकदाही फरक निघाला नाही. मी निघू दिला नाही. कान गेले ते त्यासाठीच कारखान्याच्या मशीनजवळ दिवसरात्र उभं राहून.

आणि माझ्याच घरातून असा नग बाहेर गेला. तोही मी सगळ्या गावाला वाटला.

मला एकच सांग. पोरीला माहीत आहे का?

आप्पा


आइंडहोवन
११ एप्रिल २०२१

प्रिय आप्पा,

मी खोटं लिहिलं. तुमचं तिळाचं पत्र मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये चोरून वाचलं. कॅमेरा बंद करून व्हिडिओ उघडला, थांबवला, मोठा केला. व्हिडिओ पन्नास वेळा बघूनही स्वतःच्या पोरीचा चेहरा मला दिसला नव्हता, मी पाय बघत होते. सगळेच पाय बघत होते.

सुमितला विचारलं. त्यानं नाही म्हटलं नाही. शांतपणे सांगितलं, जणू मी ऑफिसचं काही विचारते आहे. त्या दिवशी उत्पलानं तो नाच एकतीस वेळा केला. उजवी बाजू दर वेळी उत्तम, डावीकडे दर वेळी शेवटच्या उडीला अडखळायची. शेजारच्या आजीबाई दारात येऊन गेल्या. पायाचं रक्त मोज्यात उतरलं. पाच वाजता पोरगी रडत झोपून गेली. मग त्यानं सगळ्यात चांगली उजवी बाजू घेतली, उलटी केली आणि ती पाठ फिरवते तिथे जोडली. चाळीस मिनिटांचं काम, म्हणाला.

तुम्हाला त्याचं काम माहीत आहे. मशीनच्या मोजमापात चूक असते, ती मशीन न बदलता सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायची, त्याचाच पगार त्याला मिळतो. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, "मी काहीही खोटं बनवलेलं नाही, तेजल. स्टेप तिचीच आहे. मी फक्त एरर करेक्ट केली." त्याला खरंच तसं वाटत होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तेरा वर्षं मी या माणसाबरोबर राहतेय आणि पार्किंगचं तिकीट चार मिनिटं जास्त झालं तर तो बेचैन होतो.

उत्पलाला माहीत नाही. सकाळी उठल्यावर त्यानं तिला सांगितलं की तिसाव्या वेळचा चांगला आला होता, तोच पाठवला. ती स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नाही.

आता पुढचं लिहिते, तुम्हाला आवडणार नाही. मी गप्प बसायचं ठरवलंय. मी खूप विचार केला. निकाल लागून गेला. खरं सांगितलं तर शिक्षा उत्पलाला होईल, बंदी तिच्यावर येईल, नाव तिचं जाईल, आणि तिनं काहीच केलेलं नाही. ओर्लाचा क्लास बदनाम होईल. डब्लिनपर्यंत घोटा सुधारेल, मग ती खरंच नाचेल आणि सगळं बरोबर होऊन जाईल. शाळा सुरू झाल्या, पण ती अजून गप्पच आहे. या पोरीकडे हा नाच सोडून दुसरं काही नाही, आप्पा. तो मी माझ्या हातानं काढून घेऊ शकत नाही.

फेन्नाचा विचार येतो. तो मी बाजूला सारते.

तुमची
तेजल


भुसावळ
२० एप्रिल २०२१

तेजल,

सुमितरावांनी केलं त्याचा मला धक्का बसला होता. तुझं पत्र वाचून त्याहून मोठा बसला. त्यांना चूक कळली नाही. तुला कळली आणि तू तिच्यावर चादर घातलीस.

मी तुला हुकूम करणार नाही. तू एक्केचाळीस वर्षांची आहेस, आणि माझा हुकूम सात हजार किलोमीटरवर चालत नाही. तुझी आई म्हणाली, नातीलाच विचारा. तेव्हा खालच्या चार ओळी उत्पलासाठी लिहितो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तूच वाचून दाखवायच्या आहेत. वाचायच्या की नाही ते तू ठरव.

"उत्पला, आजोबांना तुझा नाच ऐकू येत नाही, फक्त दिसतो. व्हिडिओत मला तुझा उजवा पाय दोनदा दिसला. डावा पाय कसा नाचतो ते मला बघायचं आहे. पडला तरी चालेल."

आप्पा


आइंडहोवन
९ मे २०२१

प्रिय आप्पा,

ते पत्र मी अडीच आठवडे फोनमध्ये ठेवून हिंडले. परवा जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. सुमित समोर होता, त्याला मी आधी सांगितलं नव्हतं.

उत्पलानं काटा खाली ठेवला. मला वाटलं आता विचारेल, म्हणजे काय. तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, "आजोबांनाही माहीत आहे?"

आप्पा, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निकालाच्या दिवशी यूट्यूबवर तिचा नाच दाखवला, तेव्हाच तिनं ओळखलं. रोज आरशासमोर सराव करते ना, तिला स्वतःचा चेहरा आरशातलाच ओळखीचा. दुसरा भाग सुरू झाला आणि तिला तिची आरशातली मुलगी दिसली. एका सेकंदात कळलं, म्हणाली.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती अर्धं डच, अर्धं इंग्लिश बोलत होती, पण हे वाक्य तिनं मराठीत म्हटलं. कदाचित मला नीट कळावं म्हणून. "मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझा डावा पाय दाखवण्यासारखा नाही म्हणून."

मार्च गेला, एप्रिल गेला, मे आला. दहा आठवडे पोरगी एकटी हे घेऊन शाळेत जात होती आणि मी तिला कळू नये म्हणून धडपडत होते. मी जिला वाचवत होते ती केव्हाच बुडाली होती. सुमितनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी स्वयंपाकघरात तो रडायला गेला नव्हता, आप्पा. तेव्हा त्याला उलटी झाली होती, हे त्यानं आता सांगितलं.

आयोजकांना मेल उत्पलानंच लिहिली, इंग्लिशमध्ये, सहा ओळी. सुरुवात होती, "आम्ही व्हिडिओत बदल केला". सुमितनं लॅपटॉप मागून घेतला. तो "आम्ही" खोडून त्यानं "मी, तिच्या वडिलांनी, तिला न सांगता" असं केलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. ओर्लाला मी फोन केला. ती म्हणाली, मला विचार करू द्या, आणि फोन ठेवला.

तुमची
तेजल


भुसावळ
२७ मे २०२१

चि. तेजल,
जय भीम.

काल बुद्धपौर्णिमेचा ऑनलाइन कार्यक्रम झाला. सत्काराची वेळ आली तेव्हा मी कागदावर लिहून ठेवलेलं वाचलं. ते असं, की माझ्या नातीचा निकाल खरा नाही, चूक तिच्या बापाची आहे, कबुली तिनं दिली आहे, आणि बातमी छापून आणल्याबद्दल मी सगळ्यांची माफी मागतो. दामोदर तोंड उघडून बघत राहिला. कुणीतरी कॅमेरा बंद केला. नंतर तुझ्या आईनं सांगितलं, अर्धे लोक म्हणत होते, आप्पांना सांगायची काय गरज होती, इथे कुणाला कळणार होतं.

मला हे जड गेलं, पण तुला वाटतं त्यापेक्षा कमी. पोरीचं वाक्य मात्र रात्रंदिवस छातीवर आहे. आयोजकांचं काय उत्तर आलं ते कळव. आणि त्या झूटरमेरच्या मुलीचं काय झालं तेही.

तुझा
आप्पा


आइंडहोवन
६ जून २०२१

प्रिय आप्पा,
जय भीम.

उत्तर आलं. निकाल रद्द. उत्पलाला एक वर्ष बंदी, ओर्लाच्या क्लासला समज. डब्लिनला आता चौथ्या नंबरची जाणार, म्हणजे फेन्ना. मेल वाचून उत्पलाच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा काही हललं. बंदीबद्दल ती बोललीच नाही. म्हणाली, मला फेन्नाला स्वतः जाऊन सांगायचंय, मेसेजवर नाही.

काल आम्ही तिघं झूटरमेरला गेलो. सुमित म्हणाला, मी दारात येतो, मीच सांगतो. उत्पला नको म्हणाली. तो गाडीतच थांबला. मी फाटकाशी उभी राहिले, उत्पला दारात गेली आणि बेल वाजवून नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकली. दार फेन्नाच्या आईनं उघडलं. फेन्ना घरी नव्हती, हॉकीला गेली होती.

उत्पलानं सगळं डचमध्ये सांगितलं, पाठ केल्यासारखं. त्या बाईनं मधे तोडलं नाही. रागावल्या नाहीत, दार लावलं नाही. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, आयोजकांची मेल आम्हालाही आली, पण फेन्ना जाणार नाही. तिनं मार्चमध्येच नाच सोडला. निकालाबरोबर परीक्षकांच्या सूचना आल्या होत्या. फेन्नाला लिहिलं होतं की तुझी डावी बाजू उजवीच्या तोडीची नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचा व्हिडिओ बघून शीक. फेन्नानं तो तीन आठवडे रोज बघितला, थांबवून थांबवून. रोज तसं करायला जायची आणि जमायचं नाही. एका संध्याकाळी तिनं बूट आणून आईच्या हातात दिले आणि म्हणाली, असं माझ्याच्यानं कधीच होणार नाही. तेव्हापासून नाचाचं नाव काढलं तरी ती ऐकून घेत नाही.

उत्पलानं त्यांना "सॉरी, मेफ्राऊ", म्हणजे सॉरी बाई, म्हटलं आणि सरळ चालत गाडीत जाऊन बसली. सुमितनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यानं गाडी सुरू केली, पण बराच वेळ गिअर टाकला नाही.

तासाभरानं ब्रेडा शहर मागे पडल्यावर उत्पलानं मागून माझ्या सीटला हात लावला. मराठीतच बोलली.

"आई, तसं तर मलाही करता येत नाही. हे तिला आता कोण सांगणार?"

तेजल